डावरी स्पर्धा कशी भरवावी: रहीम साहेबांची रीत, आपल्या शाळेच्या मैदानावर

पाचोरा तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी पी.टी. शिकवते. दिवाळीची सुट्टी संपली की आमच्याकडे फुटबॉलची एक वेगळी स्पर्धा होते. पोरं तिला 'डावरी' म्हणतात. नियम एकच: रोज ज्या पायाने खेळता, त्या पायाने चेंडू मारायचा नाही. उजव्या पायाच्या पोराने डाव्याने खेळायचं, डावखुऱ्याने उजव्याने. आजूबाजूच्या शाळांतले शिक्षक विचारतात, हे कसं जमवता, म्हणून सगळं सविस्तर लिहिते आहे. खर्च जवळजवळ नाही. लागतो तो धीर, आणि थोडी पूर्वतयारी.

कल्पना सय्यद अब्दुल रहीम यांची. हैदराबादेत त्यांनी अशा स्पर्धा भरवल्या होत्या. एक फक्त कमकुवत पायाने खेळायची, एक ड्रिबलिंग (चेंडू पायाशी खेळवत पुढे नेणं) न करता खेळायची. भारतीय फुटबॉलमध्ये त्यांना आजही रहीम साहेब म्हणतात. १९५१ साली दिल्लीत पहिल्या आशियाई खेळांत भारताने इराणला १-० असं हरवून सुवर्ण जिंकलं, १९५६ च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये उपांत्य फेरी गाठली, १९६२ ला जकार्तात पुन्हा सुवर्ण मिळवलं. तिन्ही वेळी प्रशिक्षक तेच होते. ऑलिंपिक फुटबॉलच्या उपांत्य फेरीत पोचलेला आशियातला पहिला देश भारत, हे आमच्या दहावीच्या पोरांना सांगितलं तर ती आधी विश्वासच ठेवत नाहीत.

पण स्पर्धा भरवणाऱ्याने पदकांआधी त्यांची नोकरी लक्षात घ्यावी. रहीम साहेब शाळामास्तर होते. १९०९ साली हैदराबादेत जन्म, उस्मानिया विद्यापीठाची पदवी, मग काचीगुडा, दारुल उलूम, चादरघाट अशा तिथल्याच शाळांतून नोकरी. शारीरिक शिक्षणाचा डिप्लोमा केल्यावर शाळेतले खेळ त्यांच्याकडे आले. पुढे हैदराबाद सिटी पोलीसचा संघ त्यांनी घडवला. त्या संघाने मुंबईचा रोव्हर्स चषक १९५० ते १९५४ सलग पाच वेळा नेला. कोलकात्याच्या नावाजलेल्या क्लबांना तेव्हा हैदराबादच्या पोलिसांचा धाक होता. हे सगळं एका शाळेच्या मैदानावरून निघालं, आणि म्हणूनच ते आपल्या शाळेच्या मैदानावर परत आणता येतं असं मला मनापासून वाटतं. चांगला मास्तर पोराला जे गणित सुटत नाही तेच पुन्हा पुन्हा घालतो. डाव्या पायाची स्पर्धा म्हणजे तसंच घातलेलं गणित आहे.

आधी मैदान

आपली जमीन काळी. पावसाळ्यात मैदानावर पाय ठेवला की बुटाला शेरभर माती चिकटते, आणि मार्च लागला की भेगा पडतात. त्या भेगेत घोटा अडकला तर पोराचं वर्ष जातं. म्हणून स्पर्धा दिवाळीनंतर ते जानेवारीअखेर या काळातच घ्या. कमकुवत पायाने खेळताना तोल आधीच डळमळीत असतो, खालची जमीन तरी भरवशाची हवी.

या दिवसांत एकच मोठी अडचण असते: सराटे. पावसाळ्यात मैदानभर पसरलेली ती पिवळ्या फुलांची वेल वाळते आणि काटे जमिनीत लपून बसतात. चेंडूचा ब्लॅडर जातो, कॅनव्हासच्या बुटातूनही टोचतं, आणि अनवाणी पोरांचे हाल विचारू नका. वेचून काढायला बसलात तर आठवडा जाईल. त्यापेक्षा जुनी बारदानं घ्या, तीन-चार जोडून शिवा, पाण्यात भिजवा आणि दोन बाजूंनी दोरी बांधून पोरांना मैदानभर ओढायला लावा. वर एखादं जड पोतं ठेवलं तर उत्तम. ओल्या तागाला सराटे चिकटून येतात. प्रत्येक फेरीनंतर बारदान उलटं करून कोपऱ्यात झटकायचं आणि गोळा झालेला ढीग जाळून टाकायचा. उभ्या फेऱ्या झाल्या की आडव्या. वेल हिरवी असतानाच, फुलावर असताना, मुळासकट उपटली तर पुढच्या वर्षीचं काम निम्मं होतं.

रेषा आखायला फक्की वापरा. घराला लावायचा चुना वापरू नका. पोर पडलं आणि डोळ्यात गेला तर डोळा भाजतो. मैदान साधारण ४० मीटर लांब आणि २५ मीटर रुंद पुरे. पूर्ण मैदानावर कमकुवत पायाने खेळवलं तर चेंडू मध्यातच रेंगाळतो आणि कडेची पोरं नुसती उभी राहतात. गोलसाठी दोन बांबू, तीन मीटर अंतरावर. कोपऱ्यांना विटा ठेवायचा मोह होतो, तो टाळा. जुन्या ओढण्या काठीला बांधून झेंडे करा.

कोणता पाय कमकुवत, हे पोराला विचारू नका

विचारलं की निम्मी पोरं चुकीचं सांगतात. काही जिंकायच्या हट्टाने, पण बरीचशी खरंच माहीत नसतं म्हणून. मी असं करते: पोराला मैदानाकडे पाठ करून उभं करायचं, 'वळ' म्हणायचं आणि तो वळता वळता चेंडू सरळ त्याच्या दोन पायांच्या मधोमध सोडायचा. विचार करायला वेळ मिळत नाही, जो पाय पुढे येतो तो त्याचा. दोन-तीनदा बघा. मग त्या पायाच्या घोट्याला लाल रिबन बांधा. रिबनचा पाय म्हणजे बंद पाय. पंचाला लांबून दिसतं, पोराच्याही लक्षात राहतं.

काही पोरं दोन्ही पायांनी सारखी खेळतात. अशी पोरं क्वचितच, पण असतात. त्यांची नावं वेगळी लिहून ठेवा. ती तुमच्या शाळेच्या संघाला पुढे लागणार आहेत.

खरी गोची उभ्या राहणाऱ्या पायात असते

हा भाग घाईने उरकू नका. सरावाच्या पहिल्याच दिवशी पोरं तक्रार घेऊन येतात, "मॅडम, मना डावा पाय चालत नही." त्याला डाव्याने दोन-चारदा मारायला लावा आणि तुम्ही मात्र उजव्या पायाकडे बघा. उजव्या पायाला आयुष्यभर मारायची सवय, उभं राहायची नाही. डावा मागे गेला की उजवा गुडघा आत वळतो, टाच उचलली जाते, अंग मागे झुकतं आणि चेंडू आभाळात जातो. दोष डाव्या पायाला लागतो, डळमळत मात्र उजवा असतो.

म्हणून पहिल्या आठवड्यात चेंडू जवळजवळ नकोच. पोरांना रिबनच्या पायावर उभं करा, गुडघा किंचित वाकवून, आणि दुसरा पाय घड्याळाच्या लंबकासारखा पुढे-मागे हलवायला सांगा. हात मोकळे, नजर समोर. आधी दहा झोके, मग वीस. डोळे मिटून करायला लावलं की हशा पिकतो, पण पायाला कळतं. नंतर तसंच एका पायावर उभं राहून समोरच्याशी हाताने चेंडू झेलायचा. मुली यात मुलांपेक्षा लवकर तरबेज होतात, हा माझा अनुभव. लंगडी खेळणाऱ्या मुलींना एका पायावर तोल सांभाळायचं आधीच अंगवळणी पडलेलं असतं. ज्या शाळांत लंगडी अजून चालते त्यांनी डावरीच्या आधी चार दिवस लंगडीच घ्यावी, पण बदललेल्या पायाने.

मग भिंत. शाळेची कंपाउंडची भिंत असेल तर तिच्यापासून तीन मीटरवर फक्कीची रेघ मारा. पोराने रेघेवरून पायाच्या आतल्या बाजूने चेंडू भिंतीवर मारायचा, परत आलेला थांबवायचा, पुन्हा मारायचा. उभा पाय चेंडूच्या अगदी शेजारी, वीतभर अंतरावर. त्याचा अंगठा ज्या दिशेला, चेंडू त्या दिशेला जातो. मारणाऱ्या पायाचा घोटा घट्ट हवा. सैल घोट्याने मारलं की 'फट्' असा पोकळ आवाज येतो, घट्ट घोट्याने मारलं की 'ठप्'. पोरांना हे आवाज ओळखायला शिकवा. मग तुम्ही दुसऱ्या टोकाला असलात तरी ती एकमेकांना दुरुस्त करतात. रोज दहा मिनिटं पुष्कळ झाली. जास्त केलं तर जांघेत ओढ बसते, आणि ती बरी व्हायला फार वेळ घेते.

लहान गटाला चार नंबरचा चेंडू द्या. पाचवी-सहावीच्या पोराने पाच नंबरचा चेंडू कमकुवत पायाने मारायचा म्हणजे शिक्षाच. पाच नंबरचा चेंडू ४१० ते ४५० ग्रॅम असतो, आणि त्यात हवा जास्त भरली की दगडासारखा लागतो.

खेळाचे नियम

एका बाजूला सात. दहा-दहा मिनिटांचे दोन हाफ, मध्ये पाणी. डोकं, छाती, मांडी चालते. रिबनच्या पायाने चेंडू फक्त अडवता येतो. पास, फटका, ढकलणं यातलं काही त्या पायाने केलं की जागेवरून समोरच्या संघाला फ्री किक. अडवायची मुभा ठेवाच. सुरुवातीला तीही बंद ठेवली तर पोरं अंगावर येणाऱ्या चेंडूपासून पाय चोरायला लागतात, आणि ती सवय मोडायला जड जाते. गोलकीपरला हाताने सगळं चालतं, पायाने मात्र नियम तोच.

शिट्टी एकाकडे असली तरी पायांवर नजर ठेवायला दोन पोरं वेगळी नेमा, दोन्ही कडेला एकेक. त्यांनी बाकी काही बघायचं नाही, फक्त रिबन. या कामाला मी शक्यतो अशी पोरं घेते ज्यांना संघात जागा मिळालेली नाही. दोन सामने पाय बघत उभं राहिलेल्या पोराला खेळ जेवढा कळतो, तेवढा धावणाऱ्याला कळत नाही.

पहिल्या दिवशी सामने ०-० सुटतील. सुटू द्या. पालक किंवा एखादे सर म्हणतील, "हे काय चाललंय, पोरं तर खेळ विसरली." त्यांना शांतपणे तिसऱ्या शनिवारी बोलवा.

बक्षीस सर्वांत जास्त गोल करणाऱ्याला देऊ नका. कडेला दोन पोरांना वही-पेन देऊन बसवा आणि प्रत्येक खेळाडूचे बरोबर पोचलेले पास वहीत उभ्या रेघा मारून मोजायला लावा. ज्याचे पास सर्वांत जास्त, त्याला बक्षीस. एकदा हे फळ्यावर लिहिलं की मैदानातली स्वार्थी पोरंही मान वर करून बघायला लागतात.

ड्रिबलिंगबंदी

आठवी ते दहावीच्या गटाला दुसऱ्या टप्प्यात रहीम साहेबांची दुसरी स्पर्धा द्या. इथे पाय कोणताही चालेल, पण चेंडू दोन टचच्या वर आपल्याजवळ ठेवायचा नाही: एक अडवायला, एक द्यायला. तिसरा टच झाला की चेंडू समोरच्यांचा. सुरुवात तीन टचपासून करा आणि आठवड्याने दोनवर या. पास घेण्याआधीच मान वळवून बघायची सवय लागते, आणि त्या सवयीसाठीच हा सगळा खटाटोप आहे. डावरी आधी झालेली असेल तर इथे लगेच फरक दिसतो. ज्या पोराचे दोन्ही पाय चालतात त्याला चेंडू वळवून घ्यायला तिसरा टच लागतच नाही.

याच टप्प्यात पोरांच्या जागाही अदलाबदल करा. बचावातल्याला पुढे, पुढच्याला मागे. इथे जकार्ताची गोष्ट सांगा, हमखास कान टवकारतात. १९६२ चे आशियाई खेळ. भारत पहिलाच सामना दक्षिण कोरियाकडून २-० हरला. थायलंडविरुद्ध जर्नेल सिंग या बचावपटूच्या डोक्याला जखम झाली, टाके पडले. रहीम साहेबांनी त्याला उपांत्य आणि अंतिम सामन्यात चक्क आघाडीवर खेळवलं. अंतिम सामना पुन्हा दक्षिण कोरियाशीच. प्रेक्षक भारताच्या विरोधात ओरडत होते. पी. के. बॅनर्जीने एक गोल केला, दुसरा जर्नेल सिंगने. भारत २-१ जिंकला. रहीम साहेब तेव्हा कॅन्सरने आजारी होते, पुढच्या जूनमध्ये गेले. ही गोष्ट सांगताना माझा आवाज अजूनही जड होतो, आणि तो तसा होऊ द्यायला हरकत नाही.

बूट हवेत की नकोत, हा प्रश्न पालक हमखास काढतात. १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये भारत युगोस्लाव्हियाकडून १०-१ हरला. आपले बरेच खेळाडू तिथल्या थंडीत अनवाणी खेळले होते. त्यानंतर बूट सक्तीचे झाले. मी पोरांना साधे कॅनव्हासचे बूट घालायला लावते. ज्यांच्याकडे नाहीत त्यांच्यासाठी शाळा सोडून गेलेल्या पोरांचे जुने बूट गोळा करून ठेवा. मोठे झाले तर पुढे कापूस कोंबायचा. कापसाला आपल्याकडे तोटा नाही.

वेळ, एसटी आणि कापूस वेचणी

खानदेशात दिवाळीनंतर वेळापत्रक शाळा ठरवत नाही, कापूस ठरवतो. वेचणीच्या दिवसांत रविवारी पोरं घरच्यांबरोबर शेतात असतात. रविवारी सामना ठेवलात की निम्मा संघ गैरहजर, आणि त्यात पोरांचा काही दोष नाही. शनिवारी शाळा सकाळची असते. ती सुटल्या सुटल्या सामने घ्या आणि दुपारी एकच्या आत आटपा. थंडीतही आपल्याकडे दुपारचं ऊन चटका देतं. मैदानाच्या कडेला माठ भरून ठेवा, शेजारी लिंबू, मीठ, साखर.

बाहेरगावच्या पोरांच्या परतीच्या एसटीची वेळ आधी लिहून घ्या, मगच सामने लावा. पीजे गाडी, म्हणजे पाचोरा-जामनेरची छोटी रेल्वे, होती तोवर वरखेडी-शेंदुर्णीकडच्यांना तिचा आधार होता, आता सगळा भार एसटीवर. मुलींना शाळेसाठी एसटीचा पास मोफत असतो, मुलांना तिकिटाचा प्रश्न येतो. तुलसीदास बलराम सिकंदराबादजवळच्या अम्मुगुडाचा गरीब घरातला पोरगा. सरावाला हैदराबादेत यायला पैसे नव्हते, तर सायकलच्या भाड्याचे पैसे रहीम साहेबांनी दिले, असं बलराम सांगत. तो पोरगा पुढे मेलबर्नला खेळला, जकार्तालाही खेळला. म्हणून स्पर्धेच्या खर्चात पहिली ओळ प्रवासाची लिहा. ट्रॉफी शेवटी, पैसे उरले तर.

एक आग्रहाची सूचना. तुमच्या गावात उर्दू शाळा असेल तर तिचा संघ बोलवाच. आपल्याकडे जळगाव, भुसावळ, पाचोरा, धुळे, सगळीकडे उर्दू शाळा आहेत आणि तिथली पोरं फुटबॉल जीव लावून खेळतात. उद्घाटनाला रहीम साहेबांबद्दल पाच मिनिटं बोलायचं असतं, ते त्या शाळेतल्या एखाद्या मुलाला किंवा मुलीला बोलू द्या. संघही शाळांप्रमाणे नको, चिठ्ठ्या टाकून मिसळा.

आपल्या गावाचे रहीम साहेब

पोरं सराव करत असताना एक काम वरच्या वर्गाला द्या. गावात फुटबॉल कोणी आणला, कोणी शिकवला, हे म्हाताऱ्यांना विचारून लिहून काढायचं. खानदेशात हा धागा बहुतेक वेळा भुसावळच्या रेल्वेपाशी जातो. कोलकात्याहून मुंबईला जाणारी गाडी नागपूरकडून येवो की इटारसीकडून, ती भुसावळवरूनच जाते. आमच्या गावात लोको शेडमधून निवृत्त झालेले एक आबा आहेत. त्यांना पोरांनी नुसतं विचारलं, "आबा, तुम्हाले कोणी शिकाडं?" तर ते उठून उभे राहिले आणि काठी डाव्या हातात घेऊन पाय कसा टेकायचा ते दाखवायला लागले.

विचारताना 'किती कप जिंकले' इथून सुरुवात करू नका. त्याचं उत्तर एका ओळीत संपतं. सराव किती वाजता व्हायचा, चेंडू कोण शिवायचं, सर चिडले की काय करायला लावायचे, पावसात कुठे खेळायचे, हे विचारा. शिकवणाऱ्याची पद्धत अशाच उत्तरांतून हाती लागते. मिळालेली एखादी जुनी कसरत दुसऱ्याच दिवशी मैदानावर करून बघा. सांगणाऱ्याची परवानगी घेऊन नाव, साल, मैदान वहीत लिहा. जुना फोटो मिळाला तर घरून उचलून आणू नका, तिथेच उजेडात धरून मोबाइलवर घ्या आणि मागे लिहिलेली नावंही टिपा.

सुब्रतो चषकाच्या (शाळांची देशपातळीवरची फुटबॉल स्पर्धा) तालुका-जिल्हा फेऱ्या शाळा सुरू झाल्यावर पावसाळ्यातच उरकतात, तेव्हा नव्याने काही शिकवायला वेळ नसतो. म्हणून डावरी संपली की प्रत्येक पोराच्या नावापुढे दोन्ही पायांबद्दल एकेक ओळ लिहून ठेवा: कुठे डळमळतो, कोणत्या बाजूने पास चुकतो, कोणत्या जागेवर खुलला. उन्हाळ्याच्या सुट्टीत मैदान बंद असलं तरी घराच्या भिंतीवर सकाळी सातच्या आत दहा मिनिटं होऊ शकतात. ती ओळ कागदावर लिहून पोराच्या हातात द्या आणि निकालाच्या दिवशी आईवडिलांनाही वाचून दाखवा.